ब्रेकची थरथर

ब्रेकची थरथर म्हणजे मोटारवाहनाचा ब्रेक दाबला असता स्टिअरिंग, ब्रेक पेडल, आसन किंवा वाहनाचा सांगाडा यांत जाणवणारे, चाकाच्या फेऱ्यांशी ताल जुळवून होणारे कंपन होय. ब्रेक सोडताच हे कंपन थांबते आणि वाहनाचा वेग उतरत जातो तसा त्याचा ठेकाही मंदावतो. ब्रेकचे पॅड बदलल्यानंतर, कधी लगेच तर कधी काही हजार किलोमीटर अंतर कापल्यावर, ही तक्रार विशेषेकरून उद्भवते.

गॅरेजांमध्ये या दोषाचे वर्णन ‘डिस्क वाकली’ किंवा ‘डिस्क आउट झाली’ अशा शब्दांत केले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिच्या जाडीत पडलेला अत्यल्प फरक, पृष्ठभागावर असमान बसलेला पॅडच्या द्रव्याचा थर किंवा हब व डिस्क यांच्या सांध्यात अडकलेला गंज ही थरथरीची नेहमीची कारणे होत. मूळ कारण न शोधता नवीन डिस्क बसवल्यास तेच कारण कालांतराने नव्या डिस्कलाही बाधते आणि थरथर परत येते. म्हणून या दोषात दुरुस्तीइतकेच निदानालाही महत्त्व आहे.

## पार्श्वभूमी

डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणारी बिडाची तबकडी (डिस्क), तिच्या दोन्ही बाजूंस असणारे दोन पॅड आणि पॅडना तबकडीवर दाबणारा कॅलिपर हे मुख्य भाग असतात. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर येतो, पिस्टन आतील पॅडला ढकलतो आणि सरकत्या कॅलिपरमध्ये त्याच प्रतिक्रियेने कॅलिपर मागे सरकून बाहेरील पॅडही डिस्कवर आवळला जातो. घर्षणामुळे वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते व ती उष्णता प्रामुख्याने डिस्कमधून हवेत जाते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. मात्र या ब्रेकचा खरा प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाला. १९५३ सालच्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक बसवलेली जॅग्वार मोटार विजयी झाली आणि १९५५ साली सिट्रोएन कंपनीने आपल्या डीएस या मोटारीत पुढील चाकांना डिस्क ब्रेक दिले. आज जवळजवळ सर्व मोटारींच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक असतात. अनेक छोट्या मोटारींच्या मागील चाकांना मात्र अजूनही ड्रम ब्रेक दिले जातात.

ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढे झुकत असल्याने रोधनाचे बहुतांश काम पुढील चाकांना करावे लागते. त्यामुळे थरथरीचे मूळही बहुधा पुढील चाकांतच सापडते.

## कंपनाचे स्वरूप

पॅडच्या पकडीतून डिस्कचा जाड भाग जात असताना पॅड किंचित मागे रेटले जातात, घर्षण वाढते आणि रोधक बलही वाढते. पातळ भाग आला की ते कमी होते. ही चढउतार चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा किंवा अधिक वेळा घडते. मागे रेटला गेलेला पिस्टन ब्रेक ऑइलला ढकलत असल्याने तिचा ठोका पेडलवर पायाला जाणवतो. कमीजास्त होणारे रोधक बल चाकाच्या आधारयंत्रणेतून स्टिअरिंगपर्यंत पोहोचते.

१८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना असे चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेते, ८० च्या वेगाला ११ पेक्षा थोडे अधिक, तर ६० च्या वेगाला साडेआठ. चाकाची आधारयंत्रणा आणि स्टिअरिंग यांची नैसर्गिक वारंवारता साधारणतः याच पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला दहा ते वीस कंपनांच्या आसपास असते. दोन्ही वारंवारता जुळल्या की अनुस्पंदन होऊन लहानसे कंपन मोठे होते. शहरात ताशी ४० च्या वेगाला न जाणवणारी थरथर द्रुतगती मार्गावर ८० ते १२० च्या दरम्यान हात हलवू लागते, त्याचे कारण हेच. त्याच वेगाला एका मोटारीत थरथर होते व दुसरीत होत नाही, याचे स्पष्टीकरणही आधारयंत्रणेच्या रचनेत आणि तिच्या झिजेत मिळते.

ब्रेकच्या थरथरीचे दोन प्रकार मानले जातात.

* थंड थरथर : डिस्क गरम नसतानाही हलका ब्रेक लावल्यास जाणवते. प्रत्येक फेऱ्यात एक, दोन किंवा क्वचित थोडे अधिक ठोके बसतात. जाडीतील कायमचा फरक हे तिचे मुख्य कारण होय.
* तप्त थरथर : वेगात असताना दीर्घकाळ किंवा जोराने ब्रेक लावल्यावर उद्भवते. डिस्कवर ठरावीक अंतरावर अतितप्त ठिपके निर्माण होतात व तेथे धातू फुगतो. एका फेऱ्यात अनेक ठोके बसत असल्याने कंपनासोबत घुमणारा आवाजही येतो. डिस्क थंड झाल्यावर हा दोष बराचसा ओसरतो.

पॅड बदलल्यावर येणारी कर्कश शीळ ही निराळी बाब आहे. तिची वारंवारता सेकंदाला हजारो कंपनांची असते आणि ती वाहनाच्या वेगाबरोबर बदलत नाही.

## कारणे

### जाडीतील तफावत

डिस्कच्या परिघावर वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेल्या जाडीतील कमाल व किमान मापांमधील अंतर म्हणजे जाडीतील तफावत. ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर एवढी तफावतही अनेक मोटारींत थरथर जाणवण्यास पुरेशी ठरते. मानवी केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, हे लक्षात घेता हा फरक डोळ्यांना किंवा बोटांना कळणे शक्य नाही. डिस्क पाहून ‘चांगली आहे’ किंवा ‘गेली’ असे सांगणे म्हणूनच भरवशाचे नसते.

### डिस्कचा डोल

फिरताना डिस्कची कडा आत-बाहेर झुलणे यास डिस्कचा डोल म्हणतात. बहुतेक मोटारींत त्याची अनुज्ञेय मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. डोल असला तरी जाडी सर्वत्र सारखी असल्यास सरकता कॅलिपर डिस्कसोबत थोडाफार झुलतो, त्यामुळे सुरुवातीस काहीच जाणवत नाही. मात्र ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा झुकलेला भाग प्रत्येक फेऱ्यात एकदा पॅडला निसटता घासतो. हजारो किलोमीटरच्या प्रवासात तेवढाच भाग झिजून पातळ होतो आणि डोलातून जाडीची तफावत जन्म घेते. काम झाल्यावर काही महिने सारे सुरळीत असते व मग थरथर सुरू होते, ती या क्रमाने.

डोलाचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे हबच्या बैठकीवरील गंज किंवा कचरा. हबच्या बैठकीचा व्यास १४० मिलिमीटर आणि डिस्कचा २६० मिलिमीटर धरला, तर बैठकीच्या कडेला अडकलेली ०.१ मिलिमीटर जाडीची गंजाची खपली डिस्कच्या बाह्य कडेवर जवळपास ०.१९ मिलिमीटरचा डोल निर्माण करते. म्हणजे एवढीशी खपलीही अनुज्ञेय मर्यादा ओलांडण्यास पुरते.

केवळ पॅड बदलले व डिस्क काढलीच नाही, अशा वेळीही हा दोष शिरू शकतो. पुष्कळ मोटारींत डिस्क हबवर एखाद्या लहान स्क्रूने किंवा केवळ चाकाच्या नटांच्या दाबाने धरलेली असते. चाक काढल्यावर डिस्क सैल होऊन किंचित कलते आणि गंजाचे कण तिच्या मागे पडतात. चाक पुन्हा आवळले की ते कण तेथेच चिणले जातात. हबचे बेअरिंग झिजलेले असणे किंवा हब स्वतःच वाकडा असणे हीसुद्धा डोलाची कारणे आहेत. चाक खोल खड्ड्यात आदळले असल्यास ती शक्यता ध्यानात घ्यावी लागते.

### पॅडच्या द्रव्याचे असमान थर

घर्षण दोन प्रकारे घडते. एकात पॅड व डिस्क परस्परांना खरवडतात. दुसऱ्यात पॅडच्या द्रव्याचा अतिशय पातळ थर डिस्कवर बसतो आणि पॅड त्या थराला धरून सुटत राहतो. बहुतेक पॅडमध्ये दोन्ही क्रिया कमीअधिक प्रमाणात चालतात. हा थर सर्वत्र सारखा असेल तोवर ब्रेक मऊ व एकसारखा लागतो.

जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडचा थर बसलेला असतो. नवीन पॅड वेगळ्या घटकद्रव्यांचे असल्यास नवा थर जुन्यावर ठिकठिकाणी कमीजास्त बसतो. नवीन पॅड पुरेसे रुळण्यापूर्वीच जोराचा ब्रेक लावून मोटार थांबवली आणि पेडल दाबूनच ठेवले, तर तप्त पॅडखालील जागेवर पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो. त्या जागेचे घर्षण उरलेल्या डिस्कपेक्षा वेगळे होते व प्रत्येक फेऱ्यात तेथे एक ठोका बसतो.

ठसा उमटलेली जागा पुढील प्रत्येक ब्रेकला इतरांहून अधिक तापते. तेथील तापमान ६५० ते ७०० अंश सेल्सियसपर्यंत चढल्यास बिडाच्या संरचनेत बदल होऊन सिमेंटाइट हे अतिशय कठीण संयुग तयार होऊ लागते. हा भाग सभोवतालच्या बिडापेक्षा कमी झिजतो, उंच राहतो व आणखी तापतो. दोष स्वतःच स्वतःला वाढवू लागतो. या अवस्थेतील डिस्क लेथवर घासून घेतली तरी सिमेंटाइटची मुळे खोलवर राहतात आणि तक्रार पुन्हा उद्भवते. अमेरिकी शर्यत-अभियंते व लेखक कॅरोल स्मिथ यांनी ‘वाकलेली डिस्क’ हा बहुतांशी गैरसमज असल्याचे प्रतिपादन याच प्रक्रियेच्या आधारे केले होते.

### कॅलिपर व पॅडची बैठक

नवीन पॅड जाड असल्याने ते बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. पिस्टन गंजलेला असल्यास तो पुढे येतो परंतु मागे फिरत नाही. सरकत्या कॅलिपरच्या पिना सुकल्या किंवा गंजल्या असतील तर एकच पॅड काम करतो. पॅडची टोके ज्या खाचांत बसतात तेथील गंज न काढता नवीन पॅड ठोकून बसवल्यास ते अडकून राहतात. या सर्व अवस्थांत पॅड डिस्कला सतत घासत राहून ती अतिरिक्त तापते. प्रवासानंतर एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा बरीच गरम असणे, वाहन एका बाजूस ओढले जाणे किंवा आतील व बाहेरील पॅडची झीज भिन्न असणे ही त्याची चिन्हे होत.

जुन्या डिस्कच्या बाह्य कडेला न झिजलेल्या धातूचा व गंजाचा कठडा उरलेला असतो. नवीन पॅडची कड या कठड्यावर चढली तर पॅड डिस्कवर सपाट टेकत नाही. काही मोटारींत आतील व बाहेरील पॅड वेगळे असतात. त्यांची अदलाबदल झाल्यासही हाच परिणाम दिसतो.

### चाकाचे नट

चाकाचे नट असमान आवळले गेल्यास डिस्क हबवर ताणली जाऊन तिला डोल येतो. हवेवर चालणाऱ्या यंत्राने एकेक नट पूर्ण आवळण्याची पद्धत या दृष्टीने घातक आहे. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आणि अखेरीस टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितलेल्या मापाला आवळले जाणे अपेक्षित असते. सैल राहिलेला नट हा थरथरीचे कारण तर असतोच, शिवाय चाक निखळण्याचा धोकाही त्यातून संभवतो.

### ड्रम ब्रेक

मागील ड्रम पूर्ण गोल न राहता किंचित लंबगोल झाल्यास पेडलला ठोके बसतात व कंपन आसनात जाणवते. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून मोटार उभी करणे हे त्याचे एक कारण मानले जाते. पुढचे पॅड बदलताना मागील ड्रमकडे लक्ष दिले गेले नसेल, तर जुना दोष नव्या कामाच्या माथी मारला जाण्याची शक्यता असते.

### ब्रेकबाह्य कारणे

चाकांचे असंतुलन, टायरला आलेला फुगा, वाकलेली रिम, झिजलेले लोअर आर्मचे बुश किंवा सैल स्टिअरिंग सांधे यांमुळेही थरथर होते. यांपैकी बुश व सांधे स्वतः कंपन निर्माण करत नाहीत, मात्र डिस्कमधील क्षुल्लक तफावतीलाही मोठे करून दाखवतात. जोराच्या ब्रेकला किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस यंत्रणा कार्यरत झाली की पेडलला जलद धक्के बसतात. ते यंत्रणेचे नियमित कार्य आहे. परंतु कोरड्या रस्त्यावर, मोटार थांबण्याच्या बेतात असताना हलक्या ब्रेकलाही असे धक्के बसू लागल्यास चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर वा त्याच्या कड्यावर गंज अथवा कचरा साचल्याची शंका घेतली जाते.

## निदान

### प्रारंभीची माहिती

थरथर केव्हा सुरू झाली, ही निदानातील पहिली महत्त्वाची बाब होय. पॅड बदलण्यापूर्वीही ती होती काय, याचे उत्तर ‘होय’ असल्यास डिस्क आधीच असमान होती व नवीन पॅडने तो दोष बदललेला नाही. काम झाल्याक्षणी सुरू झाली असल्यास नट, बैठक, अडकलेले पॅड यांचा संशय प्रथम घेतला जातो. पहिल्या काहीशे किलोमीटरांत, विशेषतः एखाद्या जोराच्या ब्रेकनंतर सुरू झाल्यास असमान थराकडे बोट जाते. काही हजार किलोमीटरनंतर हळूहळू वाढत गेलेली थरथर डोलातून आलेल्या झिजेची निदर्शक असते.

### लक्षणांवरून अनुमान

| लक्षण | संभाव्य मूळ |
|---|---|
| स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरते | पुढील डिस्क |
| आसन व तळ हादरतो, स्टिअरिंग स्थिर | मागील डिस्क अथवा ड्रम |
| पेडल पायाखाली तालात वर-खाली होते | जाडीतील तफावत किंवा लंबगोल ड्रम |
| ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला थरथर | चाकाचे संतुलन, टायर, रिम |
| उतारावर किंवा दीर्घ ब्रेकनंतरच थरथर | अतितप्त ठिपके, घासत राहणारा पॅड |
| जोराच्या ब्रेकला पेडलवर जलद धक्के | एबीएसचे नियमित कार्य |
| वाहन एका बाजूस ओढले जाते | अडकलेला कॅलिपर वा पॅड |

ही अनुमाने दिशा दाखवतात, निर्णय देत नाहीत. पुढील चाकांचा तीव्र दोष आसनातही जाणवू शकतो.

### रस्त्यावरील चाचणी

चाचणीपूर्वी चाकांचे नट, टायरमधील हवा व ब्रेक ऑइलची पातळी तपासली जाते. त्यानंतर रिकाम्या, सरळ व कोरड्या रस्त्यावर कायदेशीर वेगमर्यादेत प्रथम ब्रेक न लावता मोटार चालवून कंपन आहे का ते पाहिले जाते. मग हलका, मध्यम व त्यानंतर थोडा जोराचा ब्रेक अशा क्रमाने निरीक्षण होते. वेग उतरताना ठेका मंदावत असल्यास कंपन चाकाच्या फेऱ्यांशी निगडित आहे हे सिद्ध होते.

हँडब्रेक मागील चाकांच्याच ब्रेकवर चालत असलेल्या मोटारीत, मोकळ्या जागी कमी वेगात, त्याचे बटण दाबून धरून हँडब्रेक हलकेच ओढला जातो. थरथर आली तर मूळ मागील चाकांत आहे. न आल्यास पुढील चाकांचा संशय बळावतो. विजेवर चालणाऱ्या हँडब्रेकला ही चाचणी लागू पडत नाही.

### प्रत्यक्ष तपासणी

मोटार सपाट जागी, जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवल्यानंतरच चाक काढले जाते. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या मोटारीखाली काम करणे जीवघेणे ठरू शकते. डिस्कवर निळसर डाग, पॅडच्या आकाराचे ठसे, तडे किंवा खोल चरे आहेत का हे पाहिले जाते. दोन्ही पॅडची जाडी व झीज ताडून पाहिली जाते. कॅलिपर हाताने पिनांवर सहज सरकतो का, पॅड खाचांत मोकळे हलतात का आणि चाक वर-खाली धरून हलवल्यास बेअरिंगमध्ये ढिलाई जाणवते का, हेही तपासले जाते.

### मोजमाप

डोल मोजण्यासाठी डिस्क सर्व नटांनी, आवश्यक तेथे वायसर घालून, हबवर एकसारखी आवळली जाते. डायल गेजचे टोक बाह्य कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवून डिस्क हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवली जाते. काट्याच्या दोन टोकांमधील अंतर म्हणजे एकूण डोल. जाडी मायक्रोमीटरने परिघावर समान अंतरावरील किमान आठ ठिकाणी मोजली जाते. साधा व्हर्निअर या कामी अपुरा पडतो, कारण कडेचा कठडा त्याच्या जबड्यात येतो व त्याची अचूकताही शोधायच्या फरकाएवढी सूक्ष्म नसते.

डोल मर्यादेबाहेर आढळल्यास डिस्क काढून बैठक साफ केली जाते व पुन्हा मोजले जाते. तरीही डोल राहिल्यास डिस्क एका छिद्राने पुढे फिरवून बसवतात. सर्वाधिक डोलाची जागा डिस्कसोबत सरकली तर दोष डिस्कमध्ये आणि हबजवळ त्याच ठिकाणी राहिली तर दोष हबमध्ये, असा निष्कर्ष निघतो.

## उपाय

उपाय कारणावर अवलंबून असतो व तो सोप्याकडून खर्चिकाकडे या क्रमाने योजला जातो.

१. नट व बैठक : चाक काढून हबची बैठक व डिस्कची आतील बाजू तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करणे आणि नट योग्य टॉर्कने आवळणे. या कामाला नवीन भाग लागत नाहीत.

२. कॅलिपर : पिना साफ करून ब्रेकसाठीचे खास उष्णतारोधी ग्रीस लावणे, खाचांतील गंज काढणे, पिस्टन अडकत असल्यास किट बदलणे. साधे ग्रीस रबराला फुगवते व उष्णतेने वितळून डिस्कवर येऊ शकते.

३. असमान थर : ठसे नुकतेच पडलेले असल्यास डिस्क व पॅडचा पृष्ठभाग एमरी पेपरने एकसारखा घासून पॅड नव्याने रुळवणे. पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शंका असल्यास ते कोरडे घासू नयेत. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवणे कोणत्याही परिस्थितीत टाळले जाते.

४. डिस्क घासून घेणे : जाडीची तफावत लेथवर दूर करता येते. मात्र डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ होता कामा नये. पातळ डिस्क कमी उष्णता साठवते व लवकर तापते. मोटारीवरच बसवलेल्या स्थितीत डिस्क घासणारा लेथ उपलब्ध असल्यास हबचा डोलही त्यात जमेस धरला जातो.

५. डिस्क बदलणे : तडे, सिमेंटाइटचे ठिपके किंवा किमान जाडीखाली गेलेली डिस्क यांवर हाच उपाय आहे. एकाच आसावरील दोन्ही डिस्क व पॅड एकत्र बदलले जातात. नवीन डिस्कवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढावे लागते.

## पॅड रुळवणे

नवीन पॅड व डिस्क यांचे पृष्ठभाग परस्परांशी जुळून डिस्कवर समान थर बसावा, यासाठी पॅड रुळवले जातात. पॅडच्या उत्पादकाने दिलेली पद्धत प्रमाण मानली जाते. सर्वसाधारण पद्धतीत मोकळ्या रस्त्यावर ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगावरून १५ ते २० पर्यंत मध्यम ब्रेकने वेग उतरवला जातो, पूर्ण थांबले जात नाही व पुन्हा वेग घेतला जातो. प्रत्येक वेळी डिस्कला थोडा थंडावा मिळेल एवढे अंतर ठेवून ही क्रिया आठ-दहा वेळा केली जाते. शेवटी काही अंतर ब्रेक न वापरता मोटार चालवून डिस्क निववल्या जातात. पहिले काहीशे किलोमीटर अनावश्यक जोराचा ब्रेक आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहणे टाळणे हिताचे असते.

## घाट, पाऊस आणि ब्रेक

१,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवल्यास सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. पुढील चाके तिचा सत्तर टक्के भाग पेलतात असे धरल्यास पाच किलोग्रॅमच्या प्रत्येक पुढील डिस्कचे तापमान एका थांब्यात ६५ ते ७० अंशांनी चढते. तीच मोटार ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ५,९०० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते, म्हणजे अशा जवळपास तेरा थांब्यांएवढी. खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना एवढ्याच प्रमाणातील ऊर्जा सोडवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास तिचा मोठा वाटा इंजिन शोषून घेते. गिअर न्यूट्रल करून केवळ ब्रेकवर उतरल्यास तो सर्व भार डिस्कवर येतो. त्यातून थरथर तर उद्भवतेच, पण ब्रेक ऑइल उकळून ब्रेक निकामी होण्याचा त्याहून गंभीर धोका असतो. नुकतेच पॅड बदललेली मोटार ते रुळण्यापूर्वीच घाटात नेल्यास असमान थर बसण्यास अनुकूल परिस्थिती मिळते.

कोकण व गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, बंद उभ्या मोटारीच्या डिस्कवर एका रात्रीतही गंज धरतो. हा तांबूस पापुद्रा पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो व त्यासाठी दुरुस्तीची गरज नसते. परंतु मोटार अनेक आठवडे उभी राहिल्यास पॅडखाली झाकलेला भाग आणि उघडा भाग यांवर गंज असमान खोल जातो व त्यातून कायमची थरथर राहू शकते. किनारपट्टीवरील मोटारींत हबच्या बैठकीवरील व कॅलिपरच्या पिनांवरील गंज हा याच कारणाने विशेष लक्ष देण्याचा विषय ठरतो.

## सुरक्षितता

सौम्य थरथर असलेली मोटार थांबते, म्हणून या दोषाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. मात्र थरथरीमुळे चालक नकळत ब्रेक कमी दाबतो व थांबण्याचे अंतर वाढते. सततच्या कंपनाने बेअरिंग, बुश व स्टिअरिंगचे सांधे यांचीही झीज वाढते. थरथरीसोबत पेडल खोल जाणे, वाहन एका बाजूस जोराने ओढले जाणे, चाकातून खडखडाट, जळका वास किंवा ब्रेकचा लाल दिवा यांपैकी काहीही आढळल्यास मोटार न चालवता तपासून घेणे आवश्यक असते. पॅड बदलल्यावर मोटार हलवण्यापूर्वी पेडल कठीण लागेपर्यंत अनेकदा दाबणे अनिवार्य आहे. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत येईतो पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घेण्याची शिफारस केली जाते.

## हेही पहा

* डिस्क ब्रेक
* ड्रम ब्रेक
* एबीएस
* घर्षण
* अनुस्पंदन
* बीड (धातू)